थेंब झेलणाऱ्या काकू

आमच्या प्रयोगशाळेत एक थेंब हवेत तरंगत ठेवायचा आणि तो वाळत जाताना बघत बसायचं, असं काम चालायचं. मी त्या कामात साडेचार वर्षं काढली. घरी पाहुण्यांनी विचारलं की मी सांगायचो, "विद्युतभारित द्रवबिंदूंच्या बाष्पीभवनाचा अभ्यास करतो." माझी थोरली बहीण लगेच खुलासा करायची, "म्हणजे थेंब वाळतो आणि हा बघतो." तिला वाटायचं, आपण याची चांगली जिरवली. पण तिनेही मला जरा जास्तच मोठेपणा दिला होता, कारण बघायचं काम मुळी माझ्याकडे नव्हतंच. ते काकू करायच्या.

काकू आमच्या प्रयोगशाळेच्या परिचर. कागदोपत्री त्यांचं काम काचेची भांडी धुण्याचं, टेबलं पुसण्याचं आणि कपाटांच्या किल्ल्या सांभाळण्याचं. बावीस वर्षांपूर्वी सरांचा मदतनीस ऐन प्रयोगाच्या वेळी आजारी पडला, तेव्हा टेबल पुसायला आलेल्या काकूंना सरांनी म्हटलं, "बाई, जरा इथे डोळा लावून बसता का? तो ठिपका खाली जायला लागला की ही कळ उजवीकडे फिरवायची." सरांना वाटलं होतं, दोन मिनिटं निभावलं तरी पुष्कळ. काकूंनी तो थेंब पाऊण तास खाली पडू दिला नाही. त्यानंतर ते स्टूल त्यांचं झालं. पुढे तीन जणांनी त्या स्टुलाच्या जोरावर पदव्या मिळवल्या. चौथा मी.

आता थेंबाबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर माझा गाढवपणा किती मोठा होता ते नीट कळणार नाही.

प्रयोगाची खोली तळघरात, रस्त्यावरच्या गाड्यांचा हादरा पोचू नये म्हणून. टेबलावर चहाच्या डब्याएवढी एक पितळी डबी, तिच्यात वर आणि खाली एकेक धातूची तबकडी. एका बारीक काचेच्या सुईतून डबीत थेंब सोडायचा. द्रव ग्लिसरीनच्या जातीचा, सावकाश वाळणारा. थेंब केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. सुईतून निघतानाच त्याच्यावर विजेचा भार चढवलेला असतो, त्यामुळे तबकड्यांमधला विजेचा दाब कमी-जास्त करून तो अधांतरी ठेवता येतो. दुर्बिणीतून तो फक्त एक चमकता ठिपका दिसतो.

गंमत अशी, की थेंब वाळतो पण त्याच्यावरचा भार वाळत नाही. भार सगळा एकाच जातीचा, त्यामुळे तो आतून थेंबाला फाकवू बघतो, आणि थेंबाचा पृष्ठताण, म्हणजे त्याची वरची ओढ, त्याला आवळून धरते. थेंब लहान लहान होत जातो तशी ही ओढाताण वाढते. शेवटी एक क्षण असा येतो, की आवरणं अशक्य होतं. मग थेंब टोकाशी निमुळता होतो, तिथून बारीक तुषार भिरकावून देतो आणि पुन्हा गोल होऊन बसतो. त्यात त्याचं वजन जातं शंभरात दोन भाग, पण भार जातो तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त. हा क्षण कधी यावा याचं गणित शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मांडलेलं आहे.

मला हे समजायला दोन पुस्तकं लागली. काकूंनी पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगितलं होतं, "अंग आटतं, राग तेवढाच राहतो. मग फुटणारच की." मला निवृत्त झालेले माझे वडील आठवले आणि विषय कायमचा कळला.

फुटल्यावर भार कमी झालेला असतो, म्हणून थेंब एकदम खाली निघतो. त्याच क्षणी कळ फिरवून तो झेलायचा. शिवाय त्याचं आकारमान कळावं म्हणून मध्ये मध्ये दाब बंद करून त्याला मुद्दाम पडू द्यायचं, दुर्बिणीतल्या दोन रेघा ओलांडायला त्याला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं आणि तो डबीच्या तळाला टेकायच्या आत पुन्हा झेलायचा. हा सगळा खेळ सेकंद-दीड सेकंदाचा. काकू चपला काढून ठेवायच्या, डाव्या कोपराखाली घडी घातलेला टॉवेल घ्यायच्या, उजव्या अंगठ्याखाली घड्याळ, आणि मग त्यांचा श्वास चालू आहे की नाही हेही कळायचं नाही. फुटायच्या आधी म्हणायच्या, "आता चिडला हं," आणि खरोखरच तो फुटायचा.

पहिल्या महिन्यात मीही प्रयत्न केला. एकसष्ट थेंब सोडले आणि एकसष्ट पाडले. काकूंनी मला 'पाडकाम खातं' असं नाव ठेवलं. ते इतकं चपखल होतं, की सरसुद्धा एकदा विसरून म्हणाले, "पाडकाम खात्याला जरा वर पाठवा."

मग आमची कामाची वाटणी ठरली. काकू थेंब झेलणार आणि आकडे मोठ्याने सांगणार. मी ते लिहून घेणार आणि वरच्या मजल्यावर माझ्या टेबलाशी जाऊन गणित करणार. जुन्या गणिताने ठरलेल्या भाराच्या मर्यादेच्या किती टक्क्यांवर थेंब फुटला, ते गणितातून निघायचं. काकूंच्या हातात आकडे होते, उत्तर माझ्या हातात.

पण एवढ्याने माझं समाधान होईना. आपण अगदीच बिनकामाचे दिसतो, असं मला वाटायला लागलं. म्हणून सुई धुवायचं काम मी मागून घेतलं. काकू ती सुई स्पिरिटने दोनदा आणि उकळलेल्या शुद्ध पाण्याने दोनदा धुवायच्या, बस्स. मला ते फारच जुनाट वाटलं. आमच्या घरी जेवणानंतर आपापलं ताट प्रत्येकाने स्वतः घासायचं आणि आई ते उजेडाकडे धरून तपासायची. त्या शिस्तीत वाढलेला मी, घरून भांडी घासायच्या साबणाची बाटली घेऊन आलो. लिंबाच्या वासाची.

काकू म्हणाल्या, "सरांनी साबण सांगितलेला नाहीये."

मी त्यांना स्वच्छतेवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. बावीस वर्षं काच धुणाऱ्या बाईला काच कशी धुवावी ते मी सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "धू बाबा. तुझी सुई, तुझा थेंब."

तेव्हापासून थेंब लवकर फुटायला लागले. सरांच्या जुन्या वह्यांत प्रत्येक थेंब सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर फुटलेला. माझे पंचाहत्तरवर. दहा थेंब झाले, पन्नास झाले, दीडशे झाले. पंचाहत्तरच. मला आभाळ ठेंगणं झालं. शंभर वर्षांचं गणित चुकलं होतं आणि ते मी पकडलं होतं. मी लेख लिहायला घेतला. परिषदेत भाषणासाठी नाव पाठवलं आणि ते मंजूरही झालं. आईने ही बातमी शेजारी, नात्यात आणि दातांच्या डॉक्टरांकडे सांगितली. मी आरशासमोर उभा राहून, शंका विचारणाऱ्यांना नम्रपणे उत्तर द्यायचा सराव सुरू केला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात, मी तर हळकुंडाच्या नुसत्या वासाने झालो होतो.

सरांनी मात्र लेख वाचून चष्मा काढला. ते खाली तळघरात आले, काकूंच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "यंत्र तेच आहे. डबी तीच, द्रव तोच. बाई, तुमचं वय आता काय?"

"सत्तावन्न."

"दुसरी रेघ थेंबाने ओलांडलेली उशिरा दिसली, तर वेळ जास्त येतो. मग थेंब आहे त्यापेक्षा लहान निघतो, आणि टक्के कमी येतात. हिशेब जुळतो." सर वाईट माणूस नव्हते. पुढचं वाक्य त्यांना जड गेलं. "बावीस वर्षं म्हणजे कमी नाहीत. आपण पहिल्या तारखेपासून कॅमेरा लावू. तुम्ही स्टोअर सांभाळा. तिथे उजेडही चांगला आहे."

काकूंनी कोपराखालचा टॉवेल उचलला. मी बोललो. काकूंची नजर उत्तम आहे, असं मी तावातावाने सांगितलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, हा त्यांची बाजू घेतोय. मी माझ्या पंचाहत्तर टक्क्यांची बाजू घेत होतो. काय बदललं, काय बदललं म्हणून आम्ही तिघं डोकं खाजवत होतो, आणि बदललेली एकमेव गोष्ट तिथेच उभी राहून हातवारे करत होती.

दुसऱ्या दिवशी काकू चष्मेवाल्याकडे जाऊन आल्या. नंबर तोच निघाला.

"मग झालं तर," मी म्हटलं.

"काय झालं? त्याच्या पाटीवरची अक्षरं जागची हलत नाहीत," काकू म्हणाल्या. "थेंब हलतो."

पुढच्या सोमवारी माझी साबणाची बाटली संपली. माझ्या आयुष्यातल्या या एकमेव खऱ्या शोधात माझा सहभाग एवढाच, की नवी बाटली आणायचा मला कंटाळा आला. मी काकूंच्या स्पिरिटने सुई धुतली, दोनदा, आणि पाण्याने दोनदा. काकूंनी दोन थेंब झेलले, आकडे सांगितले, मी वर जाऊन गणित केलं. एक सत्त्याण्णव आला, दुसरा अठ्ठ्याण्णव.

मी तीनदा करून पाहिलं. मग टेबलाशी बसल्या बसल्या मला बालवाडीतल्या मुलालाही माहीत असलेली गोष्ट आठवली. साबणाने पाण्याची ओढ सैल पडते, म्हणून तर फुगे होतात. ओढ सैल, म्हणजे थेंब कमी रागावरही फुटणार. सुईच्या आत चिकटून राहिलेला साबण थेंबात उतरत होता. माझा शोध लिंबाच्या वासाचा होता.

मंगळवारी मी नवी बाटली विकत आणली. सुई साबणाने धुतली आणि काकूंना म्हटलं, "आज एकच थेंब घेऊ." त्यांनी तो झेलला. उत्तर पंचाहत्तर आलं. आता शंकेला जागाच उरली नाही.

त्या वेळी मी जिना उतरून खाली जायला हवं होतं. एकूण एकोणीस पायऱ्या. त्याऐवजी मी सोमवारचा आणि मंगळवारचा असे दोन्ही कागद खणात ठेवले आणि खणाला कुलूप लावलं.

का, असं विचाराल तर कारणं माझ्याकडे खंडीभर होती. आधी आणखी खात्री करू. परिषद होऊन जाऊ दे. स्टोअरमध्ये काकूंनाही आरामच मिळेल. कॅमेरा कधीतरी लागणारच होता. एकदा तर 'साबणाचा थेंबांवरील परिणाम' हाच आपला मूळ विषय होता, असं सांगता येईल का, याचाही मी विचार केला. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा निदान त्याला दुधाची चव तरी लागते. मला जेवणही गोड लागत नव्हतं. आई म्हणाली, "परिषदेचं टेन्शन आलंय त्याला." मी हो म्हटलं.

बुधवारी काकू सरांच्या खोलीकडे निघालेल्या दिसल्या, हातात एक कागद. दोन्ही हातांत वह्या असूनही मी पायाने दार उघडून धरलं. काकू म्हणाल्या, "कुणी हलवायच्या आधी आपणच हललेलं बरं." स्टोअरमध्ये बदली करा, असा त्यांनी स्वतःच लिहिलेला अर्ज होता तो. मी दार धरून उभा राहिलो आणि त्या आत गेल्या.

त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळी काकू मला फाटकाशी भेटल्या, पायी येत होत्या. नेहमी त्या स्कूटरवरून यायच्या. ती स्कूटर म्हणजे त्यांचा दिमाख होता. रविवारी स्वतः धुवायच्या आणि कुणाला चालवायला द्यायच्या नाहीत.

"स्कूटर बिघडली का, काकू?"

"भाचीला दिली परवा. नजरेचा भरवसा नाही म्हटल्यावर रस्त्यावर कशाला? कुणाच्या पोराला धडक बसली तर काय घ्या?" मग जरा हसल्या. "आमच्या घरच्यांनी तर भाजी निवडायचं कामसुद्धा माझ्याकडून काढून घेतलंय. म्हणतात, राहू दे, तू आळ्या शिजवशील."

मला स्वतःची लाज वाटली. तरी मी लगेच बोललो नाही, हेही लिहून ठेवतो. दुपारपर्यंत वेळ घेतला. आणि गेलो तोही आधी सरांकडे, कारण सरांना सांगणं सोपं होतं.

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "साबण," ते म्हणाले. मग विचारलं, "बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतोयस?"

मी एकोणीस पायऱ्या उतरलो. काकू स्टोअरला न्यायचं सामान आवरत होत्या. टॉवेल, चष्म्याची डबी, पाण्याची बाटली. मी दारातूनच सगळं भडाभडा सांगून टाकलं. साबण, सुई, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव.

काकू आधी हसल्या. खरंच हसल्या, अगदी मनापासून. "साबण? त्या लिंबाच्या बाटलीमुळे? अरे देवा." स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे पुसले. "म्हणजे माझे डोळे..."

"चांगले आहेत, काकू. या सगळ्या प्रयोगात तेवढीच एक गोष्ट बरोबर होती."

त्यांनी दोन-तीनदा मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. 'आजच' म्हणायला एकच शब्द लागतो. तो माझ्या जिभेवर आलाही होता. पण त्या माझ्याकडे दुर्बिणीत बघावं तशा बघत होत्या.

"मागच्या सोमवारी."

काकूंनी बोटांवर दिवस मोजले. आठ. "मंगळवारी एकच थेंब घ्यायला लावलास, तो कशाला?"

"खात्री करायला."

"बुधवारी मी अर्ज दिला. दार तू धरलं होतंस." त्यांचा आवाज चढला नाही. "रविवारी स्कूटर दिली. घरी सगळ्यांना सांगून झालं. मी संध्याकाळी खिडकीत बसून समोरच्या तारेवरची पाखरं मोजायचे. एकदा मोजायचे, परत मोजायचे, जुळतात का बघायचे."

मी माफीचं एक छोटं भाषण तयार करून आणलं होतं. "चुकलो, काकू," एवढंच म्हणालो. त्या त्यावर 'जाऊ दे' म्हणाल्या नाहीत.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते गणित फार अवघड असतं का रे?"

"कुठलं?"

"मी आकडे सांगते, तू ते घेऊन वर जातोस आणि मग टक्के येतात. ते."

"नाही. बेरीज-गुणाकारच आहे. एक वर्गमुळाची कळ दाबायची असते."

"मग शिकव मला."

"शिकवतो ना. उद्यापासून..."

"आत्ता. माझ्या डोळ्यांचं मला तुझ्याकडून कळायला नको पुन्हा."

मी वरून गणकयंत्र आणलं. काकूंचं शिक्षण आठवीपर्यंत. तीन दिवस लागले, आणि त्यातले दोन माझ्यामुळे, कारण त्या प्रत्येक पायरीला "हे असं का?" विचारायच्या आणि निम्म्या वेळा मलाच ठाऊक नसायचं. चार वर्षं मी ते सूत्र नुसतं उतरवत आलो होतो. सरांनी अर्ज परत दिला, परिषदेतलं माझं नाव काढून घेतलं. स्कूटर भाचीकडेच राहिली. दिलेली वस्तू काकू परत मागत नाहीत.

शुक्रवारी त्यांनी चपला काढून ठेवल्या, कोपराखाली टॉवेल घेतला आणि थेंब सोडला. "आता चिडला हं," म्हणाल्या, आणि तो फुटला आणि त्यांनी झेलला. या वेळी त्यांनी आकडे मोठ्याने सांगितले नाहीत. स्वतःच्या वहीत लिहिले. मग गणकयंत्र जवळ ओढून, ओठ हलवत, एका बोटाने गणित केलं. खाली दोनदा रेघ मारली.

"किती आले, काकू?"

त्यांनी वही मिटली आणि चपला पायात सरकवल्या.

"तुला सांगते," त्या म्हणाल्या, "आठ दिवसांनी." आणि वही घेऊन जिना चढून सरांकडे गेल्या.